तरुणांच्या बस सवलतीबद्दल लोकांचं मत घ्यायचं असेल तर

“तरुणांना बसभाड्यात सवलत द्यावी का?” हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत असेल, तर सगळ्यात आधी तो काढून टाका. पोरांना स्वस्तात प्रवास मिळू नये, असं तोंडावर कोण म्हणेल? बहुतेक जण हो म्हणतात, अहवालात मोठा आकडा छापून येतो आणि निर्णय घेणाऱ्यांच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. वय किती धरायचं, पैसे कुठून आणायचे, गर्दीच्या वेळी काय करायचं, सवलतीचं कार्ड घरी विसरलेल्या मुलीला खाली उतरवायचं का, या प्रत्येक गोष्टीवर लोकांना काही ना काही म्हणायचं असतं आणि बऱ्याचदा ते ठाम असतं. तिथवर पोचायचं कसं, ते सांगते. वाहतुकीच्या पाहण्या करणं, प्रश्नावल्या बांधणं आणि थांब्यांवर उभं राहून त्या भरून घेणं हेच माझं काम आहे. त्यातही या विषयाची मला जास्त आच आहे, कारण सवलत ज्यांच्यासाठी आखली जाते त्यातल्या कित्येकांना अजून मतदानाचा हक्क नसतो. त्यांचं म्हणणं कागदावर येण्याचा दुसरा रस्ता फारसा नाही.

नुसत्या ‘हो’चं एक मोठं उदाहरण आहे. एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथे मार्च २०१२ मध्ये शहरातला प्रवास मोफत करावा का, यावर लोकांचा कौल घेतला गेला. मतदानाला साधारण पाचातला एक जण आला आणि आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी होकार दिला. १ जानेवारी २०१३ पासून शहरात नोंद असलेल्या रहिवाशांसाठी योजना सुरूही झाली. राजकीय निर्णयाला तेवढा कौल पुरला. पण न आलेल्या चौघांना काय वाटत होतं, किंवा फेऱ्या कमी करून मोफत प्रवास दिला तर चालेल का, हे त्या ‘हो’मधून कळायची सोय नव्हती. आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

निर्णय कशाचा आहे ते आधी पक्कं करा

प्रश्न लिहायला बसण्यापूर्वी, सवलत ज्यांच्या सहीने लागू होणार आहे त्यांना गाठा आणि विचारा: काय ठरलंय आणि काय अजून मोकळं आहे? वयोमर्यादा कायद्याने बांधलेली असेल तर तिच्यावर लोकांचं मत मागू नका. ऐकायचं नसलेलं विचारणं म्हणजे लोकांचा वेळ फुकट घालवणं, आणि पुढच्या पाहणीला तीच माणसं मग दार उघडत नाहीत.

मोकळं काय काय असू शकतं, ते वेगवेगळ्या देशांकडे पाहिलं की लक्षात येतं. स्कॉटलंडमध्ये ३१ जानेवारी २०२२ पासून २२ वर्षांखालच्या सगळ्यांना बस मोफत आहे, मग तुम्ही शिकत असा, नोकरी करत असा किंवा घरी असा. न्यूझीलंडने १ जुलै २०२३ पासून ५ ते १२ वयाच्या मुलांना मोफत आणि १३ ते २४ वयाच्यांना निम्म्या भाड्यात प्रवास दिला. लंडनमध्ये २००५ साली १६ वर्षांखालच्या मुलांना बस मोफत झाली आणि नंतर ही सोय शिक्षण घेणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांपर्यंत वाढवली. वय, शिक्षणाची अट, पूर्ण माफी की निम्मी, घरच्या उत्पन्नाची अट, ठरावीक तास की दिवसभर: एवढे सांधे आहेत. तुमच्याकडे यातले जे सुटे आहेत त्यावरच प्रश्न बांधा. माझा अनुभव असा, की दोन-तीन सांध्यांवर नीट विचारलेलं खूप कामाला येतं. सगळ्यांवर थोडं थोडं विचारलं की लोक कंटाळतात आणि शेवटच्या पानावर डोळे मिटून खुणा करतात.

पैशाचं गणित तुम्हाला स्वतःला समजलेलं हवं, कारण लोक ते थांब्यावरच विचारतात. समजा, सवलतीच्या कार्डावर शंभर प्रवास झाले. त्यातले सत्तर पूर्ण भाडं असतं तरी झालेच असते. उरलेले तीस सवलत आहे म्हणून झाले. बस चालवणाऱ्याचं उत्पन्न बुडालं ते सत्तरांचं. तीस जण रिकाम्या जागांवर बसले असतील तर त्यांचा खर्च फारसा नाही, पण त्यांच्यासाठी जादा गाडी सोडावी लागली तर तो बराच वाढतो. म्हणून ब्रिटनमध्ये भरपाईचं तत्त्वच असं ठेवलंय, की सवलतीमुळे बस कंपनीचा तोटाही होऊ नये आणि फायदाही. एवढं तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आलं, की “हे सगळं आमच्या खिशातून जाणार” म्हणून रागावलेला माणूसही थांबून बोलतो. आणि त्याचा राग रास्त असेल तर तो नेमका कशावर आहे, हेही त्या बोलण्यातून कळतं.

कुणाला विचारायचं

फक्त थांब्यावर विचारलं तर बसमध्ये बसणारेच भेटतात. ज्या मुलाला बस परवडत नाही तो थांब्यावर येतच नाही. ज्या वस्तीला बस जात नाही तिथली मुलगी तर तुमच्या कागदावर कुठेच नसते. म्हणून निदान चार ठिकाणी जा: थांबे, शाळा-कॉलेज आणि प्रशिक्षण केंद्रं, तरुण मुलं कामाला असतात त्या जागा, आणि बस कमी किंवा अजिबात नसलेल्या वस्त्यांमधली घरं. कामावरच्या मुलांना विसरू नका. ‘तरुण’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे दप्तर येतं, पण अठरा-एकोणीसच्या वयात पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या मुलाचा प्रवास कॉलेजच्या मुलापेक्षा जास्त नियमित असतो आणि पगार तुटपुंजा.

थांब्यावरच्या उत्तरांची एक खोट मात्र तिथेच काढून टाकता येते. रोज बसने जाणारी मुलगी आठवड्यातून सहा दिवस थांब्यावर असते, एकदाच जाणारा एकच दिवस. तुम्हाला ती भेटायची शक्यता सहापट. तेव्हा प्रत्येकाला “गेल्या आठवड्यात किती दिवस बसने गेलात?” हे विचाराच, आणि मोजताना सहा दिवसवालीच्या उत्तराला एक षष्ठांश वजन द्या, एक दिवसवाल्याला पूर्ण. कागदावर हे किचकट वाटतं, पण साध्या तक्त्यात एका रकान्याचं काम आहे. एवढं केलं की आकडे ‘थांब्यावर सापडलेल्यां’चे न राहता ‘बस वापरणाऱ्यां’चे होतात.

ऑनलाइन फॉर्म फिरवायला सोपा असतो, म्हणून सगळे तोच फिरवतात. त्यातून कल्पना, तक्रारी, नवे मुद्दे भरपूर मिळतात; जरूर फिरवा. पण त्याच्यावरून “इतके टक्के जनतेला वाटतं” असं लिहू नका. ज्याला विषयाचा राग आहे किंवा ज्याला सवलत मिळणार आहे, तोच मुद्दाम फॉर्म भरतो. हजारो उत्तरं आली तरी ही खोट भरून निघत नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून आल्फ लँडन हे उमेदवार अध्यक्ष होणार असं त्यांनी जाहीर केलं. त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट प्रचंड मताधिक्याने जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून, आणि परत पाठवणारेही ठरावीक मताचेच जास्त होते.

उलट माणसं खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली असतील, तर साधारण चारशे जणांच्या उत्तरांत सगळ्या लोकांच्या खऱ्या मतापासून पाच टक्के इकडेतिकडे आणि हजारांत तीन टक्के, एवढाच फरक धरावा लागतो. त्यातही शंभर मुलीच वेगळ्या काढल्यात, तर त्यांच्यापुरता तो फरक दहा टक्क्यांवर जातो. गट पाडून बोलायचं असेल तर त्या त्या गटात पुरेशी माणसं आहेत ना, ते सुरुवातीलाच बघा.

अठराच्या आतल्या मुलांशी बोलायचं तर पालकांची आणि शाळेची परवानगी आधी घ्या. नाव, फोन, पत्ता काहीही लिहून घेऊ नका. वय, थांबा आणि प्रवासाचं कारण एवढं पुरतं.

प्रश्न विचारताना

मत विचारण्याआधी प्रवास विचारा. हा क्रम मी कधीही बदलत नाही. “भाडं परवडतं का?” असं सरळ विचारलं की मुलं ‘परवडतं’वर खूण करतात. आपल्याला परवडत नाही असं अनोळखी माणसासमोर, तेही मित्र शेजारी उभे असताना, कोण सांगेल? एका मुलाने अशीच ‘परवडतं’वर खूण केली. मग मी त्याला आजचा प्रवास घरापासून सांगायला लावला. तो त्याच्या थांब्यावर उतरत नव्हताच. भाड्याचा टप्पा बदलतो त्याच्या अलीकडच्या थांब्यावर उतरायचा आणि उरलेलं अंतर पाठीवर बॅग घेऊन चालत जायचा, रोज, जाताना आणि येताना. त्याच्या वर्गातले बरेच जण असंच करतात, असंही त्याने सहज सांगितलं. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असा असतो: “आज घरून निघाल्यापासून इथे पोचेपर्यंत काय काय केलंत, ते सांगा.” चालणं किती, बस कोणती, कुठे चढलात, कुठे उतरलात. त्यानंतर दुसरा: “गेल्या महिन्यात कुठे जायचं होतं पण राहिलं, असं काही आहे का?” आणि हो म्हणाले तरच कारण. कारणांची यादी वाचून दाखवायची असेल तर भाडं मधेच कुठेतरी ठेवा: बस नव्हती, उशीर झाला असता, भाडं, घरून परवानगी नव्हती, परतीची बस मिळणार नव्हती, बसमध्ये सुरक्षित वाटत नाही, दुसरं काही. मुलींच्या उत्तरांत परतीची बस आणि सुरक्षितता भाड्याच्या वर आलेली मी पाहिली आहे. एकीने सांगितलं, “पास आहे माझ्याकडे. पण क्लास सुटायच्या आधी शेवटची गाडी निघून जाते.” सवलतीवरची पाहणी आहे म्हणून असं उत्तर बाजूला टाकायचं नसतं. सवलत आणि फेऱ्या यांत एकच निवडायचं असेल तर कोण काय निवडतं, हे कदाचित तुमच्या अहवालातलं सगळ्यात महत्त्वाचं पान ठरेल.

म्हणून तो प्रश्न सरळ विचारा. “तेवढ्याच पैशात दोन गोष्टी होऊ शकतात: तरुणांना निम्म्या भाड्यात प्रवास, किंवा सगळ्यांसाठी संध्याकाळी उशिरापर्यंत बस. तुम्ही काय निवडाल?” दोन्ही पर्याय सारख्याच लांबीचे आणि सारख्याच सुरात वाचा. निम्म्या लोकांना पहिला पर्याय आधी वाचून दाखवा, निम्म्यांना दुसरा, कारण नुसतं वाचून दाखवताना शेवटी ऐकलेलं जास्त लक्षात राहतं. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठेवाच. ज्याने विचार केलेला नाही त्याच्या तोंडून ओढून काढलेलं मत कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

पैसे कुठून यावेत, यालाही हीच पद्धत. बाकीच्यांचं भाडं थोडं वाढवावं, करातून द्यावेत, दुपारच्या रिकाम्या फेऱ्या कमी कराव्यात, किंवा सवलतच देऊ नये. हा शेवटचा पर्याय न लाजता छापा. तो नसेल तर विरोधकांना तुमची पाहणी आधीच ठरवून केलेली वाटेल, आणि ते बरोबरच असेल.

टक्क्यांत बोलू नका. चाळीस टक्के सवलत म्हणजे नेमकं किती, ते उभ्या उभ्या डोक्यात येत नाही. समोरच्याचं आजचं भाडं विचारा, त्याच्यासमोर निम्मं करून सांगा आणि मग विचारा, “एवढं झालं तर तुमचा प्रवास बदलेल का? कसा?” ‘जास्त फिरेन’ हे उत्तर अर्धवट समजा, कुठे, कधी, आत्ता तिथे कसे जाता, हे पुढे विचारा. सायकलवरून किंवा चालत जाणारा बसकडे वळणार असेल तर तेही नोंदवायला हवं. टॅलिनमध्ये मोफत प्रवास सुरू झाल्यावर बसचा वापर वाढला, पण त्यातला बराच भाग पूर्वी चालत जाणाऱ्यांचा होता, असं तिथल्या अभ्यासात दिसलं.

एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका. “स्वस्त आणि वेळेवर बस हवी का?” याला नाही म्हणणारा माणूस मिळायचा नाही. “तुम्ही सहमत आहात का?” अशी विधानं टाळा, नम्र माणसं कशालाही सहमत होतात, विशेषतः विचारणारा वयाने किंवा हुद्द्याने मोठा असेल तर.

विरोध नीट ऐका

मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते विरोध करणाऱ्यांकडून. त्यांच्या बोलण्यात साधारण तीन गोष्टी असतात, आणि तिन्हींसाठी वेगळे प्रश्न लागतात.

पहिली म्हणजे गर्दी. वयस्कर प्रवासी म्हणतात, आधीच उभं राहायला जागा नाही, त्यात ही पोरं. इथे ‘तरुण विरुद्ध ज्येष्ठ’ असा प्रश्न मांडलात तर भांडणच छापून येईल. त्याऐवजी विचारा: कोणत्या वेळची कोणती बस भरलेली असते? बहुतेकदा शाळा सुटण्याच्या आसपासच्या मोजक्या फेऱ्यांची नावं पुढे येतात. मग तो वाद वयाचा न राहता वेळापत्रकाचा होतो, आणि वेळापत्रक बदलता येतं.

दुसरी गोष्ट वागणुकीची. ही तक्रार झटकून टाकू नका. स्कॉटलंडमध्ये मोफत प्रवास सुरू झाल्यावर काही मुलांच्या बसमधल्या दंग्यावरून ओरड झाली आणि अशांची कार्डं काढून घ्यावीत अशी मागणी पुढे आली. लंडनच्या कार्डाला वागणुकीचे नियम जोडलेलेच आहेत आणि ते मोडले तर कार्ड जाऊ शकतं. दुसरीकडे, लंडनमधल्या मुलांशी बोलून झालेल्या अभ्यासात असंही दिसलं, की मोफत बसमुळे मुलं मोठ्यांवर अवलंबून न राहता फिरू लागली आणि बस ही त्यांची मित्रांना भेटायची जागा झाली. मोठ्यांना जो गोंगाट वाटतो तो आणि मुलांचं हे भेटणं एकाच बसमध्ये चाललेलं असतं. दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारा: “गेल्या आठवड्यात बसमध्ये तुम्हाला त्रास होईल असं काही घडलं का? काय?” ‘मुलं वाईट वागतात का?’ असं विचारलं तर ऐकीव गोष्टी गोळा होतात.

तिसरी: “ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांना कशाला?” हे म्हणणं बिनतोड वाटतं, पण उत्पन्नाची अट आली की दाखला आला, दाखल्याबरोबर हेलपाटे आले, आणि ज्याला सवलत सगळ्यात जास्त हवी तोच दाखल्यापाशी अडतो. मत घेताना दोन्ही चित्रं समोर ठेवा: सगळ्यांना देऊन खर्च जास्त, किंवा दाखला मागून काही गरजू सुटणार. यातलं काय चालेल? सवलत आधीपासून असेल तर “कार्ड काढलंत का? नसेल तर कुठे अडलं?” हाही प्रश्न हवाच. ओळखीचे कागद नसणं, फोटो, ऑनलाइन अर्ज, आई-वडिलांची सही, अशा बारीक जागी मुलं अडकलेली असतात.

ड्रायव्हर-कंडक्टरांना विसरलात तर पाहणी अर्धीच झाली असं समजा. त्यांना आगारात, पाळी सुरू व्हायच्या आधी, साहेब शेजारी नसताना भेटा. कार्ड चालत नाही, फोटो जुळत नाही, मूल कार्ड विसरलंय, अशा वेळी दारातला वाद त्यांच्या अंगावर येतो. “रात्री कार्ड नसलेलं मूल चढलं तर तुम्ही काय करता, आणि नियम काय असावा?” हा प्रश्न मी त्यांनाही विचारते आणि पालकांनाही. दोघांची उत्तरं शेजारी शेजारी छापली की नियम लिहिणाऱ्यांचं अर्धं काम होतं.

मोजणी आणि त्यानंतर

प्रश्नावली पक्की करण्याआधी ती चार-पाच वेगवेगळ्या वयाच्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रत्येक प्रश्नानंतर “यातून तुम्हाला काय समजलं?” एवढंच विचारा. जिथे ते अडखळतात तिथे वाक्य तुमचं चुकलेलं असतं.

‘हो, पण’ असं उत्तर आलं तर ते ‘हो’मध्ये मिसळू नका. त्याला स्वतंत्र रकाना द्या आणि ‘पण’च्या पुढचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. गर्दीची वेळ सोडून, अमुक वयापर्यंत, भाडं वाढणार नसेल तर: सवलतीचे नियम याच वाक्यांतून घडतात. बस वापरणारे, न वापरणारे तरुण आणि बाकीचे प्रौढ यांचे आकडे वेगळे छापा. तिघांची सरासरी काढली की तिघांचंही म्हणणं हरवतं. प्रत्येक तक्त्याखाली किती जणांना, कुठे, कोणत्या आठवड्यात आणि कसं विचारलं, ते लिहा.

निकाल लोकांकडे परत घेऊन जा. ज्या थांब्यांवर आणि शाळांत विचारलं तिथे एक पान चिकटवा: तुम्ही काय सांगितलंत, त्यातलं काय मान्य झालं, काय नाही आणि का.

आणि पाहणी एकदा करून सोडू नका. न्यूझीलंडमध्ये सरकार बदललं आणि तरुणांची ती सवलत ३० एप्रिल २०२४ ला संपली. वर्षही पुरतं भरलं नाही. असा प्रश्न उभा राहतो तेव्हा आधीचं आणि नंतरचं मोजमाप हाताशी असेल तरच बोलता येतं. म्हणून पहिली फेरी सवलत लागू होण्यापूर्वी घ्या, दुसरी वर्षभराने. महिना तोच धरा, परीक्षा आणि सुट्ट्या दोन्ही वेळी टाळा, आणि प्रश्नांतला एकही शब्द बदलू नका. नवे प्रश्न सुचले तर ते शेवटी जोडा. कोऱ्या प्रश्नावलीची एक प्रत, थांब्यांची यादी आणि वजन कसं दिलं त्याचा तक्ता एकत्र फाइल करून ठेवा, कारण वर्षभराने ही पाहणी कदाचित दुसरंच कुणीतरी करेल.